फोटो आहे, पण नोंद कुठे?



गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरची जुनी पत्र्याची पेटी उघडली. तीत एक काळा-पांढरा फोटो निघाला. तिघे खुर्चीवर बसलेले, पाचजण मागे उभे. अम्मीने दोघांना ओळखले. बाकीच्यांविषयी म्हणाली, "तुझ्या नानीला विचारायला हवं होतं." नानी जाऊन बरीच वर्षे झाली. फोटोची मागची बाजू कोरी होती. मी वर्गात मुलांना इतिहासाची साधने शिकवतो आणि माझ्याच घरातील एक साधन मुके होऊन पडले होते!

चित्राजवळ नोंद ठेवण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. अकबर बादशहाच्या चित्रशाळेत तयार झालेल्या 'अकबरनामा'ची शंभराहून अधिक चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांच्या खालच्या समासात लाल शाईने चित्रकारांची नावे लिहिलेली आढळतात. आखणी कोणाची, रंगकाम कोणाचे, हेसुद्धा. बसावन, मिस्कीन या कलावंतांचे काम आज आपण ओळखू शकतो, त्याचे बरेचसे श्रेय या लहानशा ओळींना आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे नामवंत छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळील सरधना गावचा. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले आणि तेथेच कॅमेऱ्याच्या नादी लागले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात आश्रय दिला व 'मुसव्विर जंग' हा किताब बहाल केला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओही काढला.

परंतु दीनदयाळांची थोरवी केवळ कॅमेऱ्यात नव्हती. काचेच्या प्लेटांना क्रमांक घालण्याची आणि नोंदवह्या ठेवण्याची शिस्त त्यांच्या स्टुडिओत होती. १९०५ साली ते वारले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या प्लेटा मिळविल्या. आज अभ्यासकांना त्यांतून एका राजवटीचा इतिहास वाचता येतो, तो काचेइतकाच या शिस्तीमुळे.

याउलट उदाहरण पहा. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक फोटोंखाली जात, जमात, प्रदेश आहे. पण माणसाचे नाव नाही. चेहरा उरला, माणूस हरवला. परक्यांनी तसे केले म्हणून आपण रागावतो. मग आपल्याच आजी-आजोबांचे फोटो बिननावाचे का ठेवावेत?

आज तर प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. पूर्वी वर्षाकाठी एखादा फोटो निघे. आता एका लग्नात मोबाईलवर शेकडो निघतात. डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ आपोआप नोंदली जाते हे खरे. पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर तारीखही चुकते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठविल्यास ही माहिती सहसा गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास टिकते. आणि फोटोत कोण आहे, त्याचे नाते काय, हे कोणताही कॅमेरा आपल्या घरच्यासारखे सांगू शकत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पुढील साध्या गोष्टी अवश्य करा.

दर महिन्याला निरुपयोगी फोटो काढून टाका. उरलेल्यांना वर्ष, महिना, दिवस, प्रसंग या क्रमाने नाव द्या, जसे '२०२४-०५-१२-निकाह-सिरसाळा-०१'. वर्ष आधी लिहिल्याने फाईली आपोआप ओळीने लागतात. एक शंभर पानी वही करा. तीत फोटोचा क्रमांक, स्थळ, डावीकडून उजवीकडे माणसांची नावे, फोटो कोणी काढला आणि माहिती कोणी सांगितली, एवढे रकाने आखा. खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह घाला. अंदाजाने नाव ठोकू नका. स्त्रियांच्या बाबतीत 'अमक्याची बीवी' एवढ्यावर थांबू नका, तिचे स्वतःचे नाव लिहा. कागदी फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून न लिहिता मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा.

पालकांनाही एक विनंती. फोटो एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका. ऊसतोडीच्या फडात, प्रवासात मोबाईल हरवतो, भिजतो, फुटतो. एक प्रत घरी पेनड्राईव्हमध्ये आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असू द्यावी. वहीचाही फोटो काढून सोबत ठेवावा.

स्मरणिकेतील गटचित्राखाली 'डावीकडून बसलेले, डावीकडून उभे' अशी ओळ असते. आपण ती नजरेआड करतो. पन्नास वर्षांनी कोणा नातवाला आपले आजोबा त्याच ओळीवरून सापडणार आहेत.

वाचकहो, घरातील फोटो कुठे जात नाहीत. ओळखणारी माणसे जातात. आज संध्याकाळीच जुने फोटो घेऊन दादीजवळ, नानाजवळ बसा. विचारा, ऐका आणि लिहून ठेवा. माझ्या पेटीतील सहा माणसे मला आता कोणी सांगणार नाही. तुमची अजून सांगणारी माणसे आहेत.