शून्याखालचा प्राणवायू

बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बायकांना स्टेशनांची नावे बघावी लागत नाहीत. अंबरनाथ मागे पडले की थोड्या वेळाने पदर किंवा ओढणी नाकाशी जाते, आणि डुलकीत असलेलीलाही कळते की वालधुनीचा शेजार सुरू झाला. मी बँकेत सव्वीस वर्षे खातेवह्या सांभाळल्या आणि त्या सगळ्या वर्षांत हा वास घेत गेले. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्र शिकले ते फाउंटनच्या पदपथावर घेतलेल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून, तेही चाळिशीनंतर. नदी मरते म्हणजे नेमके काय होते, आणि ते आकड्यांत मांडता येते का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना तीन देशांतल्या प्रयोगशाळांचा इतिहास वाचावा लागला, आणि माझी स्वतःची एक चूकही सापडली.

आपल्या भागात नद्या दोन. उल्हास ही मोठी. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून उतरून ती कर्जत, नेरळ, बदलापूर, शहाड असा प्रवास करत कल्याणपाशी खाडीला मिळते. वाटेत तिला बारवी मिळते. ठाणे जिल्ह्यातल्या लाखो लोकांच्या नळाला उल्हासचे पाणी येते. वालधुनी धाकटी. ती काकोळ्याच्या डोंगराकडून येते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीत उतरते. त्या मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ आहे. पण हा आकडा आधी ७८२ असा वाचला गेला होता. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते. आकडा दगडात कोरलेला असला तरी वाचणारा चुकू शकतो, हे मला पुढे वेगळ्या संदर्भात कळायचे होते.

या काठांवर वस्ती आणि उद्योग आले ते विसाव्या शतकात. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ सालची, तिचा कारखाना अंबरनाथला. काड्यापेट्यांचा विमको त्याच सुमाराचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नाव नदीवरून दिले, उल्हासनगर. पुढे औद्योगिक वसाहती झाल्या, जीन्स रंगवण्या-धुण्याचे धंदे वाढले. सगळ्यांचे सांडपाणी उताराच्या नियमाने वाहिले, आणि उतार वालधुनीकडे होता.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मॅंगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घालायचा. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घातले की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटते आणि ते थायोसल्फेटने मोजता येते. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी रसायने दिली आणि एप्रिलच्या एका सकाळी उल्हासनगरच्या खालच्या अंगाला मी बाटली भरली. साका पांढरा. शास्त्राच्या पुस्तकात पांढऱ्या रंगाने माझ्या पोटात गोळा येईल असे कधी वाटले नव्हते.

दुसरी मोजणी बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातील याची. तिची बैठक घातली ब्रिटनमधल्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने. १८९८ मध्ये नेमलेल्या या आयोगाचा आठवा अहवाल १९१२ चा. नमुना पाच दिवस ठेवायचा, तापमान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ सेल्सियस. पाच दिवसच का, तर तिकडच्या नद्यांचे पाणी तेवढ्यात समुद्राला पोचते, असे सांगितले जाते. पुढे जगभर पाच दिवस आणि २० अंश रूढ झाले. आपल्याकडे मात्र भारतीय मानकाने तीन दिवस आणि २७ अंश स्वीकारले. आपल्या हवेत जीवाणू लवकर काम उरकतात, म्हणून तीन दिवसांत जवळपास तेवढेच कुजते. परक्या हवामानाची मोजपट्टी आपल्या उन्हात तपासून घेतल्याची ही एक दुर्लक्षित नोंद आहे.

तिसरा टप्पा गणिताचा. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून हॅरोल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी एक समीकरण मांडले. मला ते वाचताक्षणी कळले, कारण ते जमाखर्चाचे होते. जीवाणू प्राणवायू खर्च करतात, हवेतून तो जमा होतो. खर्च शिल्लक घाणीच्या प्रमाणात, जमा तुटीच्या प्रमाणात. सुरुवातीला घाण जास्त म्हणून खर्च जमेच्या पुढे धावतो, तूट वाढते. मग घाण कमी होते, जमा वरचढ ठरते आणि नदी सावरते. कागदावर ही रेघ खाली झुकून पुन्हा वर येणाऱ्या झोळीसारखी दिसते.

ऊन या हिशेबाला दोन्हीकडून कापते. २० अंशांना लिटरभर स्वच्छ पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे आरंभीची शिल्लकच कमी. वर तेवढ्याच तापमानवाढीत जीवाणूंचा खर्च दीडपटीहून वाढतो, हवेची जमा मात्र सव्वापटीच्या आसपास.

वहीत मी काल्पनिक उदाहरण सोडवले. पाणी ३० अंश, सुरुवातीची तूट १ मिलिग्रॅम, खर्चाचा दर दिवसाला ०.३६, जमेचा ०.६. लिटरमागे १० मिलिग्रॅम प्राणवायू खाईल एवढी घाण टाकली तर पातळी ४.४ पर्यंत उतरते. २० टाकली तर १.६. अंघोळीच्या पाण्यात तो निदान ५ हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सगळ्यात वाईट अवस्था यायला दोनेक दिवस लागतात. पाणी ताशी अर्धा किलोमीटर सरकत असेल तर ते ठिकाण नाल्याच्या तोंडापासून चोवीस किलोमीटर खाली असते. घाण एका गावाची, गुदमर दुसऱ्या गावाच्या माशांचा. नाल्याशेजारी उभे राहून ‘येथे तर ठीक आहे’ म्हणणाऱ्याला या समीकरणाने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

मग मी ४० घातले. उत्तर आले उणे ३.९.

खाते उणे जाते हे मला नवीन नव्हते, पण लिटरभर पाण्यात उणे प्राणवायू असूच शकत नाही. शून्याशी पोचताच समीकरणाचा अंमल संपतो. तरी त्या उणे आकड्याला निसर्गात अर्थ आहे. जीवाणू मग उसनवारी करतात. आधी नायट्रेटमधला प्राणवायू घेतात, नंतर सल्फेटमधला. त्या उसनवारीचे व्याज म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्यांचा तो वास. सव्वीस वर्षे मी लोकलमध्ये नाकाशी पदर धरून हे व्याजच मोजत होते.

स्ट्रीटर-फेल्प्सने धरून चाललेल्या गोष्टी दोन. घाण मिसळायला मूळची वाहती नदी हवी, आणि घाण कुजवणारे जीवाणू जिवंत हवेत. उल्हासला उन्हाळ्यातही बारवी धरणातून सोडलेले पाणी मिळते, त्यामुळे तिच्यापुरते हे गणित बऱ्यापैकी लागू पडते. वालधुनीत उन्हाळ्यात वाहते ते मुख्यतः सांडपाणीच. आणि त्यात रसायने असतील तर दुसरी अटही मोडते.

माझी चूक इथली. एका वर्षी वालधुनीच्या नमुन्याची बीओडी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली. मी हरखून एका स्थानिक साप्ताहिकात लिहिले की नदी सुधारते आहे. काही महिन्यांनी त्याच प्राध्यापकांनी विचारले, ‘बाई, पाणी पातळ करून पुन्हा केलंत का?’ नव्या नमुन्यात दहापट स्वच्छ पाणी घालून चाचणी केली, आणि हिशेबाने मूळ पाण्याची बीओडी कमी होण्याऐवजी वाढली. कारण पातळ केल्यावर विषही पातळ झाले होते आणि बाटलीतले जीवाणू जगले होते. आधीच्या बाटलीत ते मेले असणार, मग प्राणवायू खाणार कोण? मी मेलेल्यांची शांतता तब्येतीची खूण म्हणून छापली होती. ७८२ आणि ९८२ मधला फरक निदान कोणाच्या जिवाशी येत नाही. म्हणून बीओडीसोबत रासायनिक मागणी, म्हणजे सीओडी, बघायचीच. सीओडी भरमसाट आणि बीओडी नगण्य असा जोड दिसला तर आनंदण्याआधी घाबरावे. दुरुस्तीचे पत्र साप्ताहिकाने आतल्या पानावर चार ओळींत छापले. चूक पहिल्या पानावर होती.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री उल्हासनगरमध्ये वालधुनीत रासायनिक कचरा ओतला गेला. वायू पसरला आणि शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या रात्रीचे भाकीत कुठल्याही झोळीच्या रेघेत नव्हते. जुलै २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पण महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये मंडळही स्थापन केले होते. म्हणजे कायदा, मोजपट्टी आणि गणित, तिन्ही आपल्या हाताशी पन्नास वर्षांहून अधिक काळ आहेत.

उणीव राहिली ती विचारण्याची. आकडा कुठल्या जागेचा, कुठल्या महिन्यातला, किती वाजताचा? नमुना दिवसा घेतला आणि टँकर रात्री रिकामा झाला तर अहवाल खोटा नसतो, पण खराही नसतो. सर्वांत वाईट जागा खाली चोवीस किलोमीटरवर असेल तर तिथे बाटली कोण भरते? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. हिशेब तपासणाऱ्याचा संशय पुरतो, आणि तो प्रथम स्वतःच्या वहीवर घ्यावा लागतो.

आता मी निवृत्त आहे, सकाळची लोकल सुटली. महिन्यातून एकदा शिवमंदिरापाशी आणि एकदा खालच्या अंगाला बाटली भरते. आकडे वहीत जातात, शेजारी वेळ, तापमान आणि ‘पातळ करून पाहिले’ अशी नोंद. साप्ताहिकाला मात्र मी घाईने काही पाठवत नाही. साका तपकिरी धरला तरी नाही.