सतरा दिवस आणि चार वर्षे

मराठी घेऊन बी.ए. केलेल्या प्रत्येकाला 'क्रिस्तपुराण' हे नाव माहीत असते. परीक्षेत त्यावर टीप येते. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज, जेझुइट, १६१६, ओवी छंद, मराठीची स्तुती. एवढे लिहिले की पाचापैकी तीन गुण पदरात. पण हा माणूस मराठी शिकला कसा, आणि का, हे त्या टिपेत कधी येत नाही. मला मात्र पुढे शिकवताना तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटत गेला.

स्टीफन्सचा जन्म साधारण १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. त्या वेळी इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. तो रोमला गेला आणि १५७५ साली जेझुइट संघात उमेदवार म्हणून दाखल झाला. त्याला हिंदुस्थानात यायचे होते, पण तिकडची वाट पोर्तुगीजांच्या हातात. म्हणून लिस्बन. ४ एप्रिल १५७९ रोजी गलबत निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांपेक्षा जास्त समुद्र! वाटेत हिरड्या सुजणे, पाय सुजणे यांनी दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, त्यांतले सत्तावीस दगावले. आणि हे नुकसान त्या काळच्या मानाने कमीच समजले गेले.

गोव्यात पाऊल ठेवल्यावर सतराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना पत्र लिहिले. पुढे ते इंग्लंडात छापले गेले, म्हणून आज आपल्याला वाचता येते. पत्रात वारे आहेत, समुद्रपक्षी आहेत, मोठे मासे आहेत. इथल्या लोकांबद्दल मात्र थोडकेच आहे. वर्ण सावळा, गरिबांच्या अंगावर कपडा बेताचा, पिण्याला चांगले पाणी किंवा माडाची दारू. बस्स. सतरा दिवसांत माणसाला जे डोळ्यांनी दिसते तेवढेच त्याला दिसले. कानांनी अजून काही कळत नव्हते.

त्याच माणसाचे दुसरे पत्र आहे, भावाला लिहिलेले. तारीख २४ ऑक्टोबर १५८३, म्हणजे गोव्याला उतरून बरोबर चार वर्षे झालेला दिवस. त्यात तो सांगतो की इथे भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीकसारखी आहे. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी व्याख्यान दिले ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतल्या एका पाद्र्याला हे साम्य जाणवले होते. लॅटिन शिकलेल्या माणसाला आपल्या विभक्त्या पाहून ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले असेल.

सतरा दिवसांत कातडीचा रंग दिसला, चार वर्षांत भाषेची घडण दिसली. सगळा फरक मला इथे वाटतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. तो भाषा शिकला तो धर्म वाढवण्यासाठीच. त्याच्या आधी साष्टीतली देवळे पाडली गेली होती. दुसरे पत्र लिहिले त्याच्या तीनच महिने आधी, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते आणि त्याचा सूडही घेतला गेला. हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोरचे. तेव्हा त्याला 'मराठीचा भक्त' म्हणून नुसता हार घालणे बरोबर नाही आणि 'धर्मांतर करणारा' म्हणून एका वाक्यात निकाल लावणेही बरोबर नाही.

कारण भाषा शिकणाऱ्याचेही काहीतरी होतेच. क्रिस्तपुराण हे ओवीबद्ध आहे, ओव्या जवळजवळ अकरा हजार. पैठणला नाथ १५९९ पर्यंत आणि आमच्या अंबाजोगाईला दासोपंत १६१५ पर्यंत लिहीत होते. म्हणजे हा त्यांचा समकालीन. त्याने पुराण लिहिले ते पुराणासारखे. स्वर्गाला वैकुंठ हाच शब्द घेतला. देवनागरी खिळे नव्हते म्हणून पुस्तक रोमन लिपीत रायतूरला छापले गेले, पण कानाला ते पुराणच. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. ते १६४० साली, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापले गेले.

पुढे काय झाले? १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. एका शतकात चक्र उलटे फिरले. आधी राज्यकर्त्यांकडचा माणूस रयतेची भाषा शिकत होता, आता रयतेने राज्यकर्त्यांची शिकायची!

हे आम्हां मराठवाड्याच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य होते, वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेही उर्दू माध्यमाचे. उर्दू गोड भाषा आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पोराच्या तोंडची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावण्याशी. म्हणून किल्लारीपासून फार लांब नसलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली, तिचे मोल आमच्या वडीलधाऱ्यांना कळले. त्याच शाळेत पुढे मुख्याध्यापक झालेले स्वामी रामानंद तीर्थ जन्मले सिंदगीला, कानडी मुलखात. आणि त्याहून मागे गेलो तर महानुभावांचे चक्रधर स्वामी गुजरातचे. बाहेरून येऊन मराठीत शिकवणारे आपल्याला नवीन नाहीत.

आमची किल्लारी कर्नाटकाच्या शिवेजवळ. वर्गात एका बाकावर मराठी बोलणारे पोर, शेजारी घरी कानडी बोलणारे, त्यापलीकडे तांड्यावरचे, घरी गोरमाटी बोलणारे. पोर गप्प बसले की मास्तर लिहितो, 'अभ्यासात कच्चा'. हे मास्तराचे सतरा दिवसांचे मत. त्याच्या घरी पाण्याला, भाकरीला, आईला काय म्हणतात एवढे चार शब्द मास्तराने शिकून घेतले की तेच पोर बोलू लागते. हे मी नोकरीत कितीदा तरी पाहिले आहे.

स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारला. परत इंग्लंडला गेला नाही. त्याचा धर्म कोणाला पटो न पटो. पण शिकवायला आलेल्याने आधी शिकायचे असते, आणि ज्याच्या हातात काठी आहे त्याने तर सगळ्यांत आधी, हा धडा कोणत्याही धर्माच्या मास्तराने घ्यावा असा आहे. डी.एड. च्या पुस्तकात तो कुठे सापडला नाही, म्हणून इथे लिहिला.