अक्षहृदय

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. त्या दिवसाचे आणखी एक नाव आहे, ते मात्र आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती फाशांनी खेळली, पार्वती जिंकली, शंकर हरला. म्हणून त्या सकाळी जो जिंकेल त्याचे वर्ष सुखात जाईल, अशी पुराणातली समजूत आहे. ज्या द्यूताला आपल्या शास्त्रकारांनी एरवी व्यसनांत गणले, त्यालाच त्यांनी वर्षातून एका सकाळी घरात बोलावून पाटावर बसविले. द्यूत वाईट, पण ते माणसाच्या स्वभावातच आहे, हे त्यांना कळत होते असे दिसते.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना या गोष्टीचे अगत्य अंमळ अधिक असायला हवे. मुंबईहून नागपूरकडे जाताना बडनेरा आणि धामणगाव यांच्या दरम्यान चांदूर रेल्वे हे स्टेशन लागते. याच जिल्ह्यात चांदूर बाजार हे दुसरे गाव आहे. दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून गावाच्या नावातच रेल्वे येऊन बसली. १८६७ साली नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला, त्यानंतरचे हे नाव. पण या भागाची खरी कीर्ती आगगाडीहून कितीतरी जुनी आहे. पूर्वी चांदूर तालुक्यातच मोडणारे आणि आता तिवसा तालुक्यात गेलेले कौंडिण्यपूर येथून फार दूर नाही. वर्धेच्या काठावरचे हे गाव म्हणजेच विदर्भराजांचे कुंडिनपूर, असे परंपरा सांगते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तिची पालखी आषाढीला येथून पंढरपुरास जाते. परंतु हेच गाव दमयंतीचेही माहेर होय, आणि दमयंती म्हटली की नळ आला, नळ म्हटला की फासे आले.

आज चांदूरच्या फलाटावर एखादा पोरगा गाडीची वाट पाहत मोबाइलवर मान घालून बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर एक भुयार असते. भुयारात राक्षस, शापित तलवारी, विषाचे घडे. तो एक पाऊल टाकतो, मग राक्षस एक पाऊल टाकतो. पुन्हा याची पाळी, पुन्हा त्याची. एकाएकी त्याचा वीर मरतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. पण भुयार आता निराळेच असते. पोरगा चडफडतो आणि फिरून खेळू लागतो. शेजारचे आजोबा म्हणतात, “काय जुगार मांडला हा!” हा जुगार आहे की नाही, हाच आमच्या लेखाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला कुंडिनपुराच्या जावयाकडेच गेले पाहिजे.

वनपर्वात ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात. राज्य फाशांत घालवून वनात बसलेला धर्मराज विचारतो, माझ्यासारखा अभागी दुसरा कोणी झाला आहे काय? त्याला उत्तर म्हणून नळाची कहाणी येते. दमयंतीने देवांना डावलून नळाला वरले म्हणून कली चिडला, बारा वर्षे टपून बसला, आणि एके दिवशी नळाच्या शरीरात शिरला. द्वापर फाशांत शिरला. भाऊ पुष्कर याच्याशी नळ खेळू लागला; खेळ एक दिवस नव्हे, अनेक महिने चालला. नगरवासी दारात येऊन उभे राहिले, मंत्री आले, दमयंती रडून सांगू लागली. नळाने कोणाला उत्तर दिले नाही. सोने गेले, रथ गेले, राज्य गेले. शेवटी अंगावरच्या एका वस्त्रानिशी तो बाहेर पडला. श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’त कथा विवाहसुखापाशीच थांबते, व्यासांनी मात्र रसिकांना ही पुढची वाट चालायला लावले.

नळाने दोष कोणाला दिला? कलीला. खेळाडूची ही तक्रार नळाहूनही जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त हे हरलेल्या जुगाऱ्याचेच मनोगत आहे. फासे त्याला भुरळ घालतात, बायको सोडून जाते, सासू तोंड पाहत नाही. आता खेळायचे नाही असे तो ठरवितो, आणि फाशांचा खुळखुळाट कानी पडताच पुन्हा निघतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. एखाद्या खेळाविषयी खेळणाऱ्याने दिलेले इतके जुने आणि इतके प्रांजळ मत जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

त्या काळचे फासे म्हणजे बेहड्याची फळे. त्रिफळा चूर्णात पडणारा हाच तो बेहडा. मेळघाटच्या रानात आजही तो उभा आहे. खेळ कसा चाले याविषयी अभ्यासकांचे अनुमान असे की, पुष्कळशा फळांतून काही उचलायची आणि त्यांना चाराने भागायचे. शेष काही न उरले तर ‘कृत’, ते सर्वांत उत्तम. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एकच उरले तर कली, म्हणजे हार. वाचकांच्या ध्यानात आले असेल की ही चार युगांची नावे आहेत, आणि नळाला ग्रासणारा कली हाही याच हरलेल्या दानाचा नामधारी आहे. असा खेळ जर असेल, तर त्यात निव्वळ दैव नव्हते. ढिगाकडे एक नजर टाकून ज्याला संख्या ओळखता येई, तो जिंके.

हे ध्यानात घेतले म्हणजे कथेतला पुढचा चमत्कारिक प्रसंग एकदम उलगडतो. नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते, आणि रथ कुंडिनपुराकडे, म्हणजे आमच्या वऱ्हाडाकडे, वाऱ्यासारखा धावू लागतो. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. ऋतुपर्ण त्याकडे पाहून सांगतो की, या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. सारथ्याला घाई असायची ती राजाला, आणि इथे राजा घाई करतो तर सारथी रथ थांबवतो! तो झाड तोडून फळे मोजतो; संख्या बरोबर निघते. राजा म्हणतो, मला अक्षहृदय ठाऊक आहे. अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म. नळ आपली अश्वविद्या देऊन ते मर्म घेतो, आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडून त्या बेहड्याच्या झाडात शिरतो.

कलीला घालवायला मंत्र लागला नाही, तप लागले नाही, मोजणे लागले. जोवर नळ फाशांना दैव समजत होता तोवर कली त्याच्या अंगात होता. ज्या दिवशी त्याला फाशांतली संख्या कळली त्या दिवशी कली उरला नाही. पुढे तो कुंडिनपुरात महिनाभर राहिला, निषध देशी गेला, सर्वस्व आणि प्राण पणाला लावून पुष्कराशी एकच डाव खेळला आणि जिंकला. जिंकल्यावर त्याने भावाला क्षमा केली. कथा सांगून झाल्यावर बृहदश्वांनी युधिष्ठिराला अक्षहृदय शिकविले, हेही विसरता कामा नये.

पुढच्या काळात दैव आणि कर्तृत्व यांची वाटणी आपल्या घराघरांतल्या पटांवर झाली. मोक्षपटात सारे दैव. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा हा पट म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज; त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप, पण खेळणाऱ्याने निवडायचे असे काहीच नाही. दुसऱ्या टोकाला बुद्धिबळ. तेथे फासाच नाही. या दोहोंच्या मध्ये सोंगट्या. दान पडते ते दैवाने, पण चार सोंगट्यांतली कोणती हलवायची हे आपण ठरवायचे. प्रतिपक्षाने मारलेली सोंगटी मधल्या घरात परत येते आणि तिला सारा फेरा पहिल्यापासून घालावा लागतो. सोंगट्यांच्या पटावर रात्री जागविलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांना त्या फलाटावरच्या पोराची चडफड अगदी ओळखीची वाटली असती.

कारण त्या पोराच्या खेळाचे कूळ सोंगट्यांचेच आहे, घराणे मात्र अमेरिकेचे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा संगणकी खेळ रचला; पुढे बर्कलेच्या केन अर्नोल्डने त्यात भर घातली. ‘रोग’ हा इंग्रजी शब्द. अर्थ भटक्या बदमाश. पडद्यावर चित्रे नव्हतीच. वीर म्हणजे ‘ॲट’चे चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे. टॉय आणि विचमन यांची अडचण मजेची होती. साहसाच्या खेळातली कोडी रचणाऱ्याला आधीच ठाऊक असतात, मग त्याने स्वतः खेळायचे काय? म्हणून त्यांनी भुयार रचण्याचे काम यंत्राच्या फाशांवर सोपविले. दर वेळी नवे भुयार, नवी संकटे. आणि वीर एकदा मेला की मेला. जपून ठेवलेला डाव पुसला जाई. मात्र खेळणाऱ्याने कळ दाबल्याशिवाय राक्षसही हलत नसे. विचाराला हवा तितका वेळ होता. या एका खेळावरून पुढे ‘हॅक’, १९८७ चा ‘नेटहॅक’ आणि असे शेकडो खेळ निघाले, आणि त्या साऱ्या जातीलाच ‘रोगलाइक’ म्हणजे ‘रोगसारखे’ असे नाव पडले.

आता असे खेळ पुरे होण्याआधी त्यांचा एक तुकडा लोकांना फुकट चाखायला देतात. त्याला डेमो म्हणतात. भाताची परीक्षा शितावरून करावी तसे खेळणारे त्यावर मत देतात. त्या मतांत दोन पक्ष ठरलेले. एक म्हणतो, हा खेळ अन्यायी आहे. चांगली तलवार मिळाली तर जिंकतो, न मिळाली तर मरतो, माझा काय दोष? दुसरा म्हणतो, पाच वेळा मेलो, पण दर वेळी काहीतरी शिकलो. सहाव्या वेळी ज्या दारातून जायचे नाही त्यातून गेलो नाही. पहिल्याच्या तोंडून नळ बोलतो, दुसऱ्याच्या तोंडून ऋतुपर्ण.

यातले खरे कोणाचे, हे नुसत्या वादाने ठरत नाही, मोजावेच लागते. योगायोग असा की ते मोजले गेले आहे. कार्नेगी-मेलन विद्यापीठातल्या चौघा विद्यार्थ्यांनी ‘रोग’ खेळणारी एक संगणकी आज्ञावली लिहिली; नाव ‘रोग-ओ-मॅटिक’. तिच्याजवळ दैव नव्हते, जिद्द नव्हती. होते ते फक्त नियम. कधी लढावे, कधी पळावे, कधी विसावा घ्यावा. १९८३ साली तीन आठवड्यांच्या काळात तिच्या साऱ्या डावांचा मध्यक त्या विभागातल्या पंधरा अव्वल खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या मध्यकाहून वरचढ ठरला. भुयार दर वेळी फाशांनीच रचले जात होते, तरी नियम पाळणारी यंत्रणा सरासरीने पुढे गेली. एका डावात दैव जिंकेल. शंभर डावांत समज जिंकते. अलीकडे ‘स्ले द स्पायर’ या खेळाच्या रचनाकारांनी २०१९ साली खेळ पूर्णत्वाने बाहेर काढण्यापूर्वी खेळणाऱ्यांची मते तर ऐकलीच, शिवाय डावांचे आकडेही तपासले. तक्रार ऐकावी, पण झाडाची फळे मोजून, हे ऋतुपर्णाचेच शहाणपण झाले.

मग आजोबांचा ‘जुगार’ हा शब्द चुकला काय? आपल्या कायद्यानेही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांच्यात रेघ ओढली. म्हणजे प्रश्न तोच, दैव की कसब? २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, त्यात मात्र पैसे लावून खेळायचे खेळ कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद केले. नजर फाशांवरून निघून पणाकडे वळली. आमच्या मते हे अधिक मर्माचे आहे. नळाचे राज्य फाशांनी गेले नाही. ते पणाला लावले म्हणून गेले. पार्वतीने शंकराला हरविले तेव्हा कैलास कोणी लिलावात काढला नाही.

फलाटावरच्या पोराने पैसा लावलेला नाही. हरला तर त्याचा कागदी वीर मरतो, आणि दोष स्वतःत शोधून पुन्हा आरंभ करण्याची सवय त्याला फुकटात लागते. नळाला ती वनवास भोगून लागली. एवढ्यापुरता तो जुगारी नव्हे, विद्यार्थी आहे.

परंतु आजोबांच्या बोलण्यातही तथ्य आहे. नळ हरला तो केवळ दान उलटे पडले म्हणून नव्हे. अनेक महिने दारात उभी असलेली माणसे त्याला दिसली नाहीत, दमयंतीची हाक त्याला ऐकू आली नाही, हा खरा कली. पैसा लावला नाही तरी वेळ पणाला लागतोच, आणि त्याचे दान परत मिळत नाही. आपल्या पूर्वजांनी द्यूताला वर्षातून एक सकाळ दिली. खेळ नाकारला नाही, त्याला वेळेची वेस घातली. अक्षहृदयाचा हा अर्धा भाग ऋतुपर्णाने सांगितला नाही; तो पाडव्याच्या रिवाजात आहे. चांदूरच्या फलाटावर गाडीची घंटा होते. पोराने वर पाहिले तर बरे. भुयार कोठे जात नाही, गाडी मात्र जाते.