जो-१ची कुळकथा

बारावीच्या वर्गात प्रथिननिर्मिती शिकवताना आपण फळ्यावर जी आकृती काढतो ती आता बहुतेकांना डोळे मिटूनही काढता येईल. रायबोसोमवर संदेशवाहक आरएनएची फीत, तिच्यावरची तीन-तीन अक्षरे आणि एकेक अमायनो आम्ल पाठीवर घेऊन येणारे टी-आरएनए. या आकृतीत एक कामकरी मात्र सहसा दिसत नाही. कोणत्या टी-आरएनएच्या पाठीवर कोणते अमायनो आम्ल चढवायचे हे सांभाळणारे विकर, ते हे. अमायनो आम्ले वीस, म्हणून या विकरांच्या जातीही वीस. हिस्टिडीन चढवणाऱ्या विकराचे नाव हिस्टिडिल टी-आरएनए सिंथेटेज. पाठीवर चुकीचे ओझे चढले तर रायबोसोम ते तपासत बसत नाही, त्यामुळे हे काम जबाबदारीचे असते.

काही थोड्या माणसांचे शरीर नेमक्या या विकराविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागते. मग त्यांच्या स्नायूंना आणि फुप्फुसांना दाह जडतो. जिना चढणे, खुर्चीतून उठणे, केस विंचरण्यासाठी हात वर धरणे अवघड होते. कोरडा खोकला आणि धाप लागते. या दुर्मिळ विकाराला आज अँटीसिंथेटेज सिंड्रोम म्हणतात. त्याचे नाव ठरायला सव्वाशे वर्षे लागली. तो इतिहास पाहिला तर दाह या साध्या वाटणाऱ्या गोष्टीमागे किती गुंतागुंत आहे ते कळते.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली दाह पाहता येऊ लागला. १८६३ साली जर्मनीत वागनर यांनी एका विरळा स्नायुरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. अनेक स्नायू एकाच वेळी सुजलेले, दुखरे आणि दुबळे झालेले होते. त्या काळच्या जर्मन डॉक्टरला असा रुग्ण दिसला की पहिला संशय येई तो ट्रायकिनेला या कृमीचा. डुकराच्या कच्च्या मांसातून ही कृमी माणसाच्या स्नायूंत शिरते आणि जीवही घेऊ शकते, हे झेंकर यांनी १८६० सालीच दाखवून दिले होते. म्हणून स्नायूचा तुकडा काढून कृमी शोधली जाई. या रुग्णांत ती सापडत नव्हती. १८८७ साली हेप यांनी तर या रोगाला 'खोटा ट्रायकिनोसिस' असेच म्हटले. मला हे नाव फार बोलके वाटते. युद्धाच्या सगळ्या खुणा हजर, पण शत्रूचा पत्ता नाही! त्याच सुमारास 'पॉलिमायोसायटिस' म्हणजे अनेक स्नायूंचा दाह हे नाव रूढ होऊ लागले, आणि १८९१ साली उन्फेरिख्ट यांनी त्वचेवरही चट्टे येणाऱ्या प्रकाराला 'डर्मॅटोमायोसायटिस' हे नाव दिले.

शत्रू घरातलाच असेल अशी शंका तेव्हा कोणाला का आली नाही? कारण तशी शंका घेणे शास्त्राला धरून नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी असे मांडले की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्याचे कटाक्षाने टाळते. एर्लिख यांनी ही शक्यता साफ नाकारली नव्हती, पण त्यांच्या दबदब्यामुळे पुढच्या पिढ्यांनी ती नाकारल्यासारखेच केले. १९५६ साली रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये आणि दाह निर्माण करून दाखवला. त्यानंतर 'स्वयंप्रतिकार' या कल्पनेला मानाचे पान मिळाले. दरम्यान १९४८पासून कॉर्टिझोन संधिवातावर वापरले जाऊ लागले होते, आणि दाह कशामुळे होतो हे न कळताही तो दडपता येऊ लागला होता. स्नायुदाहाच्या रुग्णांच्या फुप्फुसांतही दाह असतो याकडे १९५० नंतरच नीट लक्ष गेले. तोवर छातीतल्या दोषाचे खापर दुबळ्या झालेल्या श्वसनस्नायूंवर किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्यावर फुटत असे.

खरी कलाटणी मिळाली ती एका साध्या प्रयोगामुळे. आगाराच्या जेलीत दोन खळगे पाडायचे. एकात रुग्णाच्या रक्ताचा द्रव, दुसऱ्यात वासराच्या थायमस ग्रंथीचा अर्क. दोन्ही जेलीत पसरत जातात. रक्तातील प्रतिद्रव्याला अर्कात आपले लक्ष्य भेटले तर भेटीच्या जागी पांढरी रेघ उमटते. १९८० साली निशिकाई आणि राइखलिन यांनी या पद्धतीने स्नायुदाहाच्या काही रुग्णांत एक विशिष्ट रेघ दाखवली. ज्या रुग्णाच्या रक्तात ती सापडली त्याच्या नावातील आद्याक्षरांवरून प्रतिद्रव्याचे नाव पडले 'जो-१'. लक्ष्य कोणते हे मात्र ठाऊक नव्हते.

ते शोधायला वैद्यकाबाहेरची माणसे उपयोगी पडली. जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी १९७९ साली ल्यूपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकार रोगातील रुग्णांची प्रतिद्रव्ये गळासारखी वापरून पेशीतले छोटे आरएनए बाहेर ओढून काढले होते. तोच मार्ग इथे चालला. जो-१ प्रतिद्रव्याच्या गळाला हिस्टिडीनचा टी-आरएनए लागत होता. १९८३ साली मॅथ्यूज आणि बर्नस्टाइन यांनी 'नेचर'मध्ये उत्तर दिले. पेशींच्या अर्कात हे प्रतिद्रव्य घातले की हिस्टिडीन टी-आरएनएवर चढेनासे होते, इतर अमायनो आम्ले मात्र बिनबोभाट चढत राहतात. म्हणजे लक्ष्य होते हिस्टिडीनचे विकर. टी-आरएनए नुसता त्याला चिकटून बाहेर येत होता.

पाठोपाठ भावंडे सापडली. पीएल-७चे लक्ष्य थ्रिओनिनचे विकर, पीएल-१२चे अ‍ॅलॅनिनचे. पीएल-१२च्या रुग्णांत कित्येकदा अ‍ॅलॅनिनच्या टी-आरएनएविरुद्धही प्रतिद्रव्ये असतात. जाता जाता सांगायचे तर, सर्वात आधी ज्या टी-आरएनएचा अनुक्रम वाचला गेला तो यीस्टमधला अ‍ॅलॅनिनचाच होता. रॉबर्ट हॉली यांनी तो १९६५ साली वाचला आणि १९६८ साली हरगोविंद खोराना व मार्शल नीरेनबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक घेतले. पुढे आयसोल्युसिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पराजिन यांच्या विकरांविरुद्धची प्रतिद्रव्येही मिळाली. गंमत अशी की एका रुग्णात सहसा यांपैकी एकच प्रतिद्रव्य असते. फुटलेल्या पेशींचा कचरा पाहून प्रतिकारसंस्था बिथरली असती तर अनेक विकरांविरुद्ध एकदमच प्रतिद्रव्ये दिसायला हवी होती. तसे दिसत नाही. निवड नेमकी आहे.

प्रतिद्रव्ये वेगळी असली तरी रुग्ण मात्र एकमेकांसारखे होते. ताप, सांधेदुखी, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटे, स्नायुदाह, फुप्फुसदाह आणि हाताच्या बोटांच्या कडांना कोरड्या, खरबरीत भेगा. वंगणाशी रोज झटणाऱ्या कामगाराच्या हातांसारखे दिसतात म्हणून या हातांना १९७९ सालीच 'मेकॅनिकचे हात' हे नाव मिळाले होते. १९९०च्या आसपास हा सगळा समूह एकच सिंड्रोम म्हणून मान्य झाला.

आता दाहाकडे जवळून पाहू. स्नायूतील तंतू जुडग्यांनी बांधलेले असतात आणि प्रत्येक जुडग्याभोवती संयोजी ऊतीचे वेष्टन असते. या रोगात ते वेष्टन विस्कटते, तिथे भक्षकपेशी गोळा होतात आणि जुडग्याच्या कडेचे तंतू मरतात. मधले तंतू पुष्कळदा वाचतात. फुप्फुसात दाह होतो तो वायुकोशांच्या भिंतींत. ही भिंत इतकी पातळ असते की हवेतला ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो. लिम्फोसाइट पेशी तिच्यात शिरल्या की ती जाड होते, आणि दाह रेंगाळला की तिथे व्रणासारखी घट्ट ऊती तयार होते. स्टेथोस्कोप पाठीवर खाली लावला तर बुटाचा वेल्क्रो पट्टा उघडल्यासारखा आवाज येतो. दाह औषधाने ओसरू शकतो. व्रण मात्र तसाच राहतो. म्हणून वेळेवर निदान होण्याला इथे फार मोल आहे. पण काही रुग्णांत, विशेषतः पीएल-७ आणि पीएल-१२ असणाऱ्यांत, स्नायूंची तक्रार नसतेच किंवा नंतर येते. खोकला, ताप आणि घटते वजन पाहून आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा घेतला जातो. तो रास्तच असतो. पण थुंकीत जंतू न सापडता आणि उपचारांचा उपयोग न होता महिने गेले, तर रुग्णाचे हात पाहायला हवेत.

सगळ्यात अवघड कोडे पुढेच आहे. हे विकर केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत आहे. मग रोग स्नायूंत आणि फुप्फुसांतच का? १९८३ साली मॅथ्यूज आणि बर्नस्टाइन यांनी विषाणूकडे बोट दाखवले होते. काही विषाणूंच्या आरएनएचे टोक टी-आरएनएची नक्कल करते. तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या आरएनएवर तर हिस्टिडीन चढवता येते. अशा विषाणूला विकर चिकटले आणि प्रतिकारसंस्थेने दोघांनाही शत्रू मानले, तर? कल्पना देखणी होती, पण रुग्णांत असा कोणताही ठरावीक विषाणू सापडला नाही.

दुसरा धागा २००२ साली हाती आला. पेशीबाहेर पडलेले हिस्टिडीनचे आणि अ‍ॅस्पराजिनचे विकर पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढते, असे प्रयोगशाळेत दिसले. म्हणजे पेशी फुटली की हा घरातला कामकरी धोक्याची घंटाही वाजवतो. २००५ साली असे आढळले की दुखापतीनंतर नव्याने वाढणाऱ्या स्नायुपेशींत या लक्ष्याचे प्रमाण वाढलेले असते. दाहामुळे तंतू मरतात, त्यांच्या जागी नवे येऊ लागतात आणि नव्यांत लक्ष्य अधिक असल्याने दाहाला आणखी खाद्य मिळते. दाह का टिकतो याचे हे मला पटणारे उत्तर आहे. तो सुरू का होतो याचे नाही. आरंभ फुप्फुसात होत असावा असे अनेकांचे मत आहे. फुप्फुसात या विकराचे एक वेगळे रूप आढळते असे २००७ साली दिसले. एचएलए-डीआर३ हे आनुवंशिक लक्षण असणाऱ्यांत ही प्रतिद्रव्ये अधिक आढळतात, आणि धूम्रपानाचाही त्यांच्याशी संबंध दिसला आहे. श्वासावाटे येणारे काहीतरी ठिणगी टाकते, हा तर्क त्यावरूनच आला.

प्रतिद्रव्य जिवंत पेशीच्या आत सहजासहजी शिरत नाही, म्हणून जो-१ हा गुन्हेगार की केवळ साक्षीदार, हा वाद जुना आहे. स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती मंदावणारी इतर औषधे हाच उपचारांचा पाया राहिला आहे. त्यांना दाद न देणाऱ्यांत प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी-पेशींचा नाश करणारे रिटुक्सिमॅब वापरले जाते, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीच्या विश्लेषणात जो-१ असणाऱ्या रुग्णांना त्याचा अधिक लाभ झालेला दिसला. जर्मनीतील एर्लांगेनच्या डॉक्टरांनी एका रुग्णावर याहून धाडसी उपाय केल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, बी-पेशी ओळखून मारतील असा जनुकीय बदल करून परत दिल्या. सहा महिन्यांनी मांडीच्या स्नायूंतला आणि फुप्फुसांतला दाह चित्रांत दिसेनासा झाला होता. रुग्ण एकच, त्यामुळे हुरळून जाण्याचे कारण नाही. तरी बी-पेशींना नुसते साक्षीदार म्हणणे आता अवघड झाले आहे. याच तंत्राने बनवलेल्या, मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून आलेल्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली, ती रक्ताच्या कर्करोगांसाठी.