बोरघाटातील पशुवाहतूक

देश व कोकण यांना जोडणाऱ्या बोरघाटातून आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांतून (रायगड जिल्हा) मुंबईकडे होणारी जनावरांची ने-आण. हे तालुके दीर्घकाळ या वाहतुकीचे उगमस्थान नव्हते आणि अंतिम ठिकाणही नव्हते. जनावरे घाटमाथ्यावर विकली जात व मुंबईत कापली जात. त्यामुळे वाटेतील त्यांच्या हालांची जबाबदारी विकणारा, नेणारा व घेणारा यांपैकी कोणाचीच उरत नसे. या वाहतुकीच्या इतिहासात हा दोष वाहनांचे प्रकार बदलूनही टिकून राहिलेला दिसतो.

घाटात गाडीरस्ता होण्यापूर्वी मालाची चढउतार मुख्यत्वे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी होई. तांड्याची चाल मंद असे आणि चारापाण्याचे मुक्काम ठरलेले असत. पायथ्याच्या खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधविलेला विस्तीर्ण तलाव व महादेवाचे मंदिर आजही आहे. घाट चढण्याआधी व उतरल्यानंतर माणसांना आणि जनावरांना विसावा देणारे हे ठिकाण होते. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. पाठीवरचे ओझे गेले, परंतु उतारावर भरलेल्या गाडीचा रेटा जुवातून बैलाच्या मानेवर येऊ लागला. विक्रीची जनावरे मात्र पायीच हाकली जात. पायी प्रवास कष्टाचा असला, तरी त्यात जनावर आपल्या गतीने चालते, थांबते व वाटेत चरते. बंद वाहनात यांपैकी काहीच शक्य नसते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा घाटमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. सु. २५ किमी. लांबीत तो सु. ५५८ मी. चढतो व त्याचा कमाल चढ ३७ स १ आहे. कर्जत येथे गाडीस जादा एंजिने जोडावी लागत आणि घाटातील उलट स्थानकात एंजिनाची दिशा बदलावी लागे (हे स्थानक १९२० नंतरच्या दशकाअखेर वगळण्यात आले). जोडणी, सोडणी व गतिरोधन यांचे हिसके वाघिणीत उभ्या असलेल्या जनावराला थेट बसत. मुंबईतील कत्तलखाने १८६० नंतरच्या दशकात वांद्रे येथे नेण्यात आले आणि १९७१ मध्ये देवनार येथील विस्तीर्ण कत्तलखाना सुरू झाला. तोवर रेल्वेची जागा मालमोटारीने घेण्यास प्रारंभ झाला होता.

प्रवासात जनावरावर येणारा ताण अनेक कारणांचा मिळून बनतो : अनोळखी कळप, गर्दी, आवाज, तहान, उष्मा आणि तोल सांभाळण्याचे सततचे श्रम. सर्वांत अधिक ताण बहुधा चढविताना व उतरविताना येतो. उतरता फलाट नसेल, तर जनावराला मोटारीच्या फळीवरून उडी घ्यावी लागते; त्यात पाय मोडणे, शिंग तुटणे हे प्रकार घडतात. मोठी जनावरे चालत्या वाहनात सहसा बसत नाहीत, पाय फाकून उभी राहतात. घाटातील वळणावर व उतारावर सारा भार एका बाजूस सरकतो आणि एक जनावर घसरले, की दाटीमुळे त्याला पुन्हा उठता येत नाही. इतर जनावरे त्याला तुडवितात. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी कमी असतात व तिचा रंगही काळा असतो. त्यामुळे उन्हात उभ्या मोटारीत तिची अवस्था गाईबैलांपेक्षा लवकर बिघडते.

ताणामुळे अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवतात आणि स्नायूंतील ग्लायकोजेनाचा साठा वापरला जातो. कत्तलीनंतर ग्लायकोजेनापासून लॅक्टिक अम्ल बनून मांसाचे पीएच मूल्य सु. ५·५ पर्यंत उतरावयास हवे. साठा आधीच संपला असेल, तर ते ६ च्या वर राहते. मांस गडद, घट्ट व कोरडे दिसते आणि लवकर नासते. मुका मार बसलेला भाग कापून टाकावा लागतो. क्रौर्य नफ्याचे असते, हा समज या बाबतीत निराधार आहे. तोटा मात्र ज्याच्या चुकीने झाला त्याच्या पदरी क्वचितच पडतो.

कायद्याने या प्रश्नाची दखल लवकर घेतली. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्रौर्य निवारणासाठी संस्था स्थापन झाली आणि १८९० मध्ये हिंदुस्थानासाठी कायदा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या पाठपुराव्यानंतर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. त्याखालील १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार रुंदमापी वाघिणीत १० पेक्षा अधिक व मालमोटारीत ६ पेक्षा अधिक प्रौढ गुरे नेता येत नाहीत. पशुवैद्याचा दाखला व सोबत एक राखणदार लागतो. गुरांची तोंडे शक्यतो एंजिनाकडे असावीत, असेही त्यांत म्हटले आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी तपासणीनंतर २४ तासांची विश्रांती आवश्यक ठरविली आणि इतर जनावरांच्या देखत कत्तल करण्यास मनाई केली. मात्र गुरांमधील ग्लायकोजेनाचा साठा भरून येण्यास अनेकदा याहून अधिक अवधी लागतो. अपरिचित आवारात उपाशी काढलेला एक दिवस म्हणजे विश्रांती नव्हे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर प्रवासाचा वेळ घटला, ही जनावरांच्या दृष्टीने मोठीच सुधारणा होय. तथापि मोटारीतील वायुवीजन तिच्या गतीवर अवलंबून असते. जुलै २०१५ मध्ये खालापूर तालुक्यातील आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. पावसाळ्यात अशा कारणांनी वाहतूक खोळंबली म्हणजे भरलेल्या वाहनात उष्णता व अमोनिया झपाट्याने वाढतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली आणि तीसाठी होणारी वाहतूक गुन्हा ठरली. कायद्याच्या हेतूविषयी मतभेद आहेत. पण लपूनछपून होणारी वाहतूक झाकलेल्या मोटारीत, रात्री व पाण्यासाठी न थांबता होते आणि जनावराच्या वाट्याला सर्वांत वाईट प्रवास येतो, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

अलीकडच्या दशकांत कर्जत व खालापूर हे तालुके स्वतःच पुरवठादार बनले आहेत. मुंबईच्या सान्निध्यामुळे येथे मांसल (ब्रॉयलर) कोंबड्यांच्या शेडी उभ्या राहिल्या. करार पद्धतीत पिले व खाद्य कंपनी देते आणि शेतकरी संगोपनाचा मोबदला घेतो. पक्षी विक्रीयोग्य झाले, की रात्री पायांना धरून, अनेक एका हातात, पकडले जातात व क्रेटमध्ये भरले जातात. जलद वाढीच्या या जातींची हाडे त्यात सहज मोडतात. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात, ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकते आणि दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. २००१ च्या दुरुस्तीने तापमान २५° से. हून अधिक असताना कोंबड्यांची वाहतूक करण्यास मनाई आहे. कर्जतच्या उन्हाळ्यात पारा ४०° से. ओलांडतो आणि मुंबईच्या वाटेवर रात्रीही तो पुष्कळदा २५° से. खाली येत नाही. परिणामी हा नियम अक्षरशः पाळावयाचा, तर एप्रिल-मे महिन्यांत या तालुक्यांतून एकही गाडी निघावयास नको. प्रत्यक्षात ती रोज निघते. पहाटेचा प्रवास, क्रेटमधील पक्ष्यांची संख्या घटविणे, क्रेटच्या थरांमध्ये हवेसाठी फट ठेवणे व गाडी उभी न ठेवणे या उपायांनी मरतूक पुष्कळ कमी होते. तालुक्यातच कत्तल करून मांस शीतवाहनाने नेल्यास जिवंत पक्ष्यांचा हा प्रवासच टळतो. परंतु मुंबईतील गिऱ्हाइकास कोंबडी डोळ्यांदेखत कापून हवी असते, आणि किरकोळ बाजार अद्याप त्याच सवयीवर चालतो.