पीठासीन अधिकारी : शिस्तीचे अधिकार आणि त्यांच्या मर्यादा

विधिमंडळाच्या सभागृहाचे कामकाज चालविणाऱ्या व्यक्तीस पीठासीन अधिकारी म्हणतात. लोकसभा व विधानसभेत अध्यक्ष, तर राज्यसभा व विधान परिषदेत सभापती हे काम पाहतात. विधानसभेत अध्यक्ष व उपाध्यक्ष दोघेही आसनावर नसताना सदस्यांमधून नेमलेले तालिका अध्यक्ष कामकाज चालवितात. आसनावरील व्यक्ती बदलली, तरी सुव्यवस्था राखण्याचा अधिकार तोच राहतो.

लोकसभेच्या नियमांनुसार अध्यक्ष उभे राहताच बोलणाऱ्या सदस्याने खाली बसावयाचे असते. असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. नियम ३७३ अन्वये बेशिस्त सदस्यास त्या दिवसापुरते बाहेर जाण्यास सांगता येते. नियम ३७४ अन्वये अध्यक्षांनी सदस्याचे नाव घेतल्यानंतर सभागृह प्रस्ताव संमत करून त्यास अधिवेशन संपेपर्यंत निलंबित करू शकते. २००१ मध्ये आलेल्या नियम ३७४-अ नुसार गंभीर प्रकारांत अध्यक्षांनी नाव घेताच सदस्य पाच बैठका अथवा उर्वरित अधिवेशन, यांपैकी जो काळ कमी असेल तितका, आपोआप निलंबित होतो. गोंधळ आवरेनासा झाल्यास बैठक तहकूब करता येते.

अध्यक्षही सभागृहाला उत्तरदायी असतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव डिसेंबर १९५४ मध्ये चर्चेस आला व फेटाळला गेला. अशा प्रस्तावावर चर्चा सुरू असताना अध्यक्षांना त्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषविता येत नाही, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ९६ मध्ये म्हटले आहे.

या अधिकारांची कसोटी महाराष्ट्रातच लागली. ५ जुलै २०२१ रोजी पावसाळी अधिवेशनात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या ठरावावरून विधानसभेत गदारोळ झाला. अध्यक्षपद त्या वेळी रिक्त होते आणि तालिका अध्यक्ष भास्कर जाधव आसनावर होते. त्यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्याचा प्रस्ताव सभागृहाने संमत केला. आमदारांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने २८ जानेवारी २०२२ रोजी निकाल देताना त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य व अतार्किक ठरविले. विधानसभेच्या नियम ५३ नुसार सदस्यास प्रथम त्या दिवसापुरते आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास फार तर अधिवेशनाच्या अखेरपर्यंत बाहेर ठेवता येते. सभागृहाच्या कार्यपद्धतीतील केवळ अनियमिततेत न्यायालय हस्तक्षेप करीत नाही. मात्र घटनाबाह्य कृतीला ते संरक्षण नाही, ही भूमिका निकालात कायम राहिली.

या निकालामागील विचार मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हवेली तालुक्यातील लोणी काळभोरच्या मतदाराचे म्हणणे विधानसभेत मांडणारा आमदार एकच असतो. सदस्याची हकालपट्टी झाल्यास जागा रिक्त होते आणि साधारणपणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्तही होत नाही आणि प्रतिनिधीही सभागृहात नसतो. शिक्षा आमदाराला झाली, तरी तिची झळ मतदारसंघाला बसते. शिस्तीच्या कारवाईचा हेतू थांबलेली चर्चा पुन्हा सुरू करणे हा आहे. त्यामुळेच या अधिकाराला काळाची मर्यादा आहे.