निळ्या क्लेमॅटिसचं कुळ

इंग्लंडच्या सरे परगण्यात वोकिंग नावाचं गाव आहे. तिथल्या जॅकमन घराण्याच्या रोपवाटिकेत 1862 साली एका नव्या वेलाला पहिल्यांदा फुलं आली. पसरट, चार दलांची, तळहाताएवढी आणि रंगाने गर्द जांभळ्याकडे झुकणारी निळी. तोवर इंग्लंडच्या बागांमध्ये क्लेमॅटिस होते, पण एवढ्या मोठ्या फुलांनी वरपासून खालपर्यंत लगडणारा आणि इतक्या गडद रंगाचा वेल कुणी पाहिला नव्हता. पुढच्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला पहिल्या दर्जाचं प्रमाणपत्र दिलं. ‘जॅकमनाय’ या नावाने तो आजही विकला जातो. घरापुढे, कुंपणावर, दाराच्या कमानीवर निळा क्लेमॅटिस चढवण्याची हौस युरोपात सर्वदूर पसरली, ती या वेलापासून.

हा रंग आणि हा आकार रानात आयता कुणाला सापडलेला नाही. तो माणसांनी जुळवून आणला आहे, आणि त्यासाठी दोन खंडांतल्या वनस्पती एकत्र आल्या आहेत.

आईकडचं कुळ चीनचं. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक 1848 ते 1851 या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चीनमध्ये हिंडत होता. कंपनीला हवा होता चहा. हिमालयाच्या उतारांवर लावण्यासाठी त्याने चिनी चहाची रोपं आणि बी काचेच्या बंद पेट्यांतून कोलकात्याला धाडली, हा भाग आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्याच भटकंतीत निंगबो शहराजवळच्या टेकड्यांवर त्याला एक बुटका क्लेमॅटिस दिसला. पानांची खालची बाजू लोकरीसारखी मऊ, फूल फिकट निळसर आणि आकाराने थक्क करणारं. क्लेमॅटिस लॅन्युजिनोसा हे त्याचं नाव. 1850 मध्ये तो इंग्लंडला पोहोचला.

बापाकडचं कुळ दक्षिण युरोपातलं. क्लेमॅटिस व्हिटिसेला हा तिथला रानवेल इंग्लंडच्या बागांमध्ये सोळाव्या शतकापासून होता. फुलं लहान, मान खाली घातलेली, पण वेल चिवट. जॅकमननी 1858 साली लॅन्युजिनोसाच्या फुलांवर व्हिटिसेलाच्या एका तांबूस प्रकाराचे परागकण घातले आणि ‘हेंडरसोनाय’ या जुन्या निळ्या संकराचेही घातले. हेंडरसोनायच्या रक्तातही व्हिटिसेला होताच. चिनी आईने फुलाचा पसारा दिला. युरोपीय बापाकडून काटकपणा आला आणि उन्हाळाभर फुलत राहण्याची सवय आली. या कुळात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा बाप. पुढे जे घडलं ते पाहता तसं म्हणावंच लागतं.

जॅकमनायचं यश पाहून सगळेच संकर करायला धावले. 1872 मध्ये जॉर्ज जॅकमन आणि थॉमस मूर यांनी केवळ क्लेमॅटिसवर एक पुस्तक काढलं, यावरून त्या वेडाची कल्पना यावी. पण ओढ आणखी मोठ्या फुलांची होती, आणि उन्हाळ्याची वाट न पाहता वसंतातच फुलणाऱ्या वेलांची. म्हणून चीन-जपानकडचं रक्त वाढत गेलं, व्हिटिसेला मागे पडला. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपवाटिकांमध्ये वेल मरू लागले. कळ्यांनी भरलेला वेल एक-दोन दिवसांत माना टाकायचा आणि काळा पडायचा. विल्यम रॉबिन्सन या त्या काळच्या मोठ्या उद्यानलेखकाने याचा दोष कलम बांधण्याच्या पद्धतीवर ठेवला. खरं कारण एक बुरशी निघाली. जमिनीलगत ती खोडात शिरते आणि वरचा पाणीपुरवठा तोडते. अमेरिकेत ग्लॉयर यांनी 1915 साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. मोठ्या फुलांचे, लवकर फुलणारे संकर तिला सहज बळी पडतात. व्हिटिसेलाच्या वंशातले वेल बहुधा तगतात.

फ्रान्समध्ये ल्यों इथल्या फ्रान्सिस्क मोरेल यांनी व्हिटिसेलाची कास सोडली नव्हती. त्यांचा 1885 चा ‘पर्ल दाझूर’ आजही फिकट निळ्या रंगात पहिल्या पंक्तीत बसतो. अगदी निर्भेळ निळा म्हणावा असा मोठ्या फुलाचा क्लेमॅटिस मात्र नाहीच; प्रत्येकात थोडा जांभळा उरतोच. मोरेलच्या वेलात तो सगळ्यात कमी जाणवतो, असं माझं मत.

विसाव्या शतकात या कुळाला मोठा आधार मिळाला तो पोलंडमध्ये. वॉर्साच्या जेझुइट मठातले ब्रदर स्टेफान फ्रान्चाक (1917–2009) यांनी मठाच्या बागेत अनेक नवे क्लेमॅटिस तयार केले. कम्युनिस्ट राजवटीच्या काळात त्यांनी आपल्या वेलांना कार्डिनल विशिन्स्की आणि पोप जॉन पॉल दुसरे यांची नावं दिली. 1830–31 च्या उठावात लढलेल्या एमिलिया प्लाटर हिचं नाव त्यांनी एका फिकट निळ्या व्हिटिसेला संकराला दिलं. त्यांचा ‘ब्लू एंजल’ही तसाच, आकाशी आणि काटक.

हे कुळ एकदा कळलं की लागवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. रोप कुंडीतल्या पातळीपेक्षा चार बोटं खोल लावायचं, म्हणजे बुरशीने वरचा वेल नेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून फुटवा येतो. हा वेल पानांच्या देठांनी पकड घेतो, तेव्हा आधार बारीक तारेचा किंवा काटक्यांचा हवा. जाड खांबाला त्याचा विळखा बसत नाही. मुळं सावलीत आणि शेंडा उन्हात राहील अशी जागा बघावी. जॅकमनाय आणि व्हिटिसेला त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात, म्हणून हिवाळा सरताना ते गुडघ्याखाली छाटून टाकायचे.

आपल्या मैदानी उन्हाळ्यात हे निळे वेल टिकवायचा हट्ट धरू नये. त्यांना थंडीची विश्रांती लागते. सह्याद्रीत याच कुळाची पांढऱ्या फुलांची मोरवेल आहे, ती रानात जाऊन पाहावी. इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या थंड भागात घर केलेल्या मराठी माणसाने मात्र परसात एक तरी निळा क्लेमॅटिस लावावा. नर्सरीत सगळ्यात मोठ्या फुलाच्या चित्रावर भुलू नये, व्हिटिसेलाच्या वंशातलाच मागून घ्यावा.